सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेली: शेपू, धणे आणि कोंबडीची चरबी

माझी लेक न्यू जर्सीत एडिसनला राहते. मागच्या खेपेला तिच्याकडे आले होते तेव्हा तिने मला हौसेने एका मॉलमधल्या दुकानात नेलं. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘ज्यू डेली’ लिहिलेलं. डेली म्हणजे मांसाची सँडविचं मिळणारी खानावळ. सँडविच आलं. वरचा पाव उचलून बघते तर मांसावर चीजचा पिवळा तुकडा वितळून पसरलेला. आम्ही ज्यू, मांसाबरोबर दुधाचं काही आम्हाला चालत नाही. मी पाव परत झाकला, ताटली लेकीकडे सरकवली आणि नातवाचे तळलेले बटाटे खाल्ले. लेकीला फार वाईट वाटलं. त्या दुकानदाराने पाटी लावताना आमच्यासारख्यांचा जराही विचार केला नव्हता, याचं मला त्याहून वाईट वाटलं.

या खेपेला तिने न्यूयॉर्कच्या सेकंड अ‍ॅव्हेन्यू डेलीची आधी सगळी चौकशी करून ठेवली. “आई, तिथे स्वयंपाकघरात दुधाचा थेंब येत नाही. कोशर आहे, म्हणजे आपल्या धर्माच्या आहारनियमांप्रमाणे, देखरेख आहे. एवढंच, की शनिवारीही उघडं असतं, ते तुला चालेल का ते तू ठरव.”

ते ठरवायला मला दोन दिवस लागले. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मूळ कोकणातले ज्यू, ठाण्याचे. आडनावाला शेवटी ‘कर’, मूळ गाव रेवदंड्याच्या बाजूचं. जहाज फुटून सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली ती गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पोराला पाठ असते. कोकणात आमच्या पूर्वजांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवला, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणू लागलं. अशा घरातल्या बाईने शनिवारी धंदा करणाऱ्या खानावळीत जेवावं का? इस्रायलमध्ये बीरशेबाला असलेल्या माझ्या मामाने साफ नाही म्हटलं असतं. कडक पाळणारे पुष्कळ लोक याच कारणासाठी तिथे जात नाहीत. मी बुधवारी गेले. बुधवारी चूल पेटवायला कुणाचीच मनाई नाही.

पत्ता सोपा आहे. एडिसनहून गाडीने पेन स्टेशन, आणि तिथून ३३व्या रस्त्याने नाकासमोर पूर्वेला चालत सुटायचं. वाटेत एम्पायर स्टेट बिल्डिंग लागते. नातवाने तिथे मान मागे टाकून मजले मोजायला घेतले आणि पंधरावर सोडून दिले. पुढे लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू ओलांडलं की तिसऱ्या अ‍ॅव्हेन्यूच्या आधी, १६२ क्रमांकाला दुकान. पाटीवरची अक्षरं इंग्रजीच आहेत, पण हिब्रू वळणाची. ठाण्यातल्या आमच्या सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, भिंतींवर पाहिलेली वळणं मॅनहॅटनमध्ये एका खानावळीवर दिसली तेव्हा मी पदर सावरून मगच आत शिरले.

नावात सेकंड अ‍ॅव्हेन्यू आणि दुकान ३३व्या रस्त्यावर, याची एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय जेवणाचं सांगता येणार नाही. मूळ दुकान मॅनहॅटनच्या खालच्या भागात, सेकंड अ‍ॅव्हेन्यू आणि दहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. त्या भागात एके काळी यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेची नाटकघरं रांगेने होती. आपल्याकडे गिरगावात नाटक सुटल्यावर मंडळी जेवायला जात तशी तिथे नाटकानंतर डेलीत जायची रीत. १९५४ साली एब लेबेव्होल नावाच्या गृहस्थाने तिथे हे दुकान सुरू केलं. आता युक्रेनमध्ये असलेल्या ल्विव्हजवळच्या एका गावात जन्म, दुसऱ्या महायुद्धात घरदार गेलं, निर्वासितांच्या छावणीतून १९५०च्या सुमारास अमेरिकेत आला आणि दुसऱ्यांच्या डेलीत राबत कामं शिकला. भुकेला माणूस त्याच्या दारातून परत जात नसे, अशी त्याची ख्याती होती. दुकानातल्या एका दालनाला त्याने यिडिश नटी मॉली पिकनचं नाव दिलं होतं आणि बाहेरच्या फुटपाथवर त्या रंगभूमीच्या नटनट्यांची नावं कोरलेले तारे बसवले होते. ४ मार्च १९९६ रोजी दुकानाचा गल्ला बँकेत भरायला निघालेला असताना त्याला गोळ्या घालून मारलं. मारणारा सापडला नाही. भावाने दुकान पुढे दहा वर्षं चालवलं, भाडं वाढलं तेव्हा २००६च्या जानेवारीत बंद केलं, आणि २००७च्या डिसेंबरात पुतण्याने या नव्या जागी परत उघडलं. नाव मात्र तेच ठेवलं. आमच्यातली अर्धी माणसं कधीच सोडून आलेल्या गावाचं आडनाव लावतात, त्यामुळे मला यात काही नवल वाटलं नाही.

आत जागा लहान आहे. शिरल्याशिरल्या मांस कापणाऱ्यांचा काउंटर, पुढे जवळजवळ लावलेली टेबलं. शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं आणि शेजारच्याच्या ताटलीतलं दिसतं. लसूण, वाफ आणि मिरीचा वास. दुपारचे तीन वाजले होते, त्यामुळे गर्दी ओसरलेली होती. जेवणाच्या ऐन वेळी जायचं असेल तर थांबायची तयारी ठेवून जा.

काही मागवायच्या आधीच टेबलावर काकड्या आणि कोबी येतो, त्याचे पैसे नाहीत. कोबीचं मी सोडून देते, काकड्यांबद्दल बोलते. यात दोन तऱ्हा असतात. एक हिरवीगार, अर्धी मुरलेली, दाताखाली कचकचते. दुसरी पूर्ण मुरलेली, ऑलिव्हच्या रंगाची, चांगली आंबट. ती आंबट होते ती व्हिनेगरने नव्हे. मिठाचं पाणी, लसूण आणि शेपू यांत दिवसेंदिवस ठेवली की आपोआप आंबते. आमच्या माळ्यावरच्या बरणीत कैऱ्या मिठाच्या पाण्यात असायच्या, पावसाळ्यात भाताबरोबर एक काढायची. पहिल्या घासाला मला ती बरणीच आठवली. मोहरी-तेलाच्या लोणच्याची अपेक्षा ठेवून गेलात तर ही काकडी फिकी वाटेल. मिठातल्या कैरीची सवय असेल तर तीन संपवाल, मी संपवल्या.

मग सूप. पूर्ण जेवणात एकच गोष्ट खायला मिळणार असेल तर मी हेच सूप मागवीन. वाढणारी बाई एका खोलगट ताटलीत मोठा गोळा, थोड्या शेवया आणि गाजराचे तुकडे घेऊन आली आणि धातूच्या भांड्यातून त्यावर गरम सूप आमच्यासमोर ओतलं. वर बारीक चिरलेला शेपू. या गोळ्याला मात्झा बॉल म्हणतात. मात्झा म्हणजे पेसाखच्या सणाची बिनखमिराची रोटी. ती दळून तिच्या रव्यात अंडी आणि कोंबडीची चरबी घालून गोळे वळायचे आणि उकळत्या पाण्यात शिजवायचे. गोळा लिंबापेक्षा मोठा होता, चमच्याने अलगद तुटला, आत मधोमधपर्यंत सूप शिरलेलं. आपल्या कढीगोळ्यांचा गोळा दाताला लागतो, हा लागत नाही. आणि सूप! पिवळं, स्वच्छ, वर चरबीचे छोटे छोटे डोळे, मीठ अगदी बेताचं. आजारी माणसाला द्यावं असं. हे लोक आजारी माणसाला देतातही.

शेपूचं मला राहून राहून आश्चर्य वाटत होतं. आमच्या शाळेत डब्यात शेपू आणणाऱ्या मुलीजवळ कुणी बसत नसे, इतका त्या वासाचा तिटकारा. मी तीस वर्षं शिक्षिका होते, दरवर्षी हेच पाहिलं. आणि इथे एका लांबच्या देशातल्या थंडीत वाढलेल्या माणसांनी तोच शेपू आपल्या सगळ्यात लाडक्या पदार्थावर घातलेला. शेपू डाळीत शिजला की उग्र होतो, कोंबडीच्या सुपात वरून कच्चा पडला की त्याची नुसती गोडी राहते. हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

चरबीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण या जेवणाचं सगळं गणित तिच्यात आहे. “करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस” असं तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, तीनदा येतं. त्यावरून मांस आणि दूध एकत्र न करण्याचा नियम झाला. मांसाच्या जेवणात लोणी नाही, तूप नाही, दही नाही, साय नाही. डुकराची चरबी तर नाहीच. पोलंड, युक्रेन, लिथुआनियाच्या बर्फात ना तीळ पिकतो ना नारळ. मग त्या बायकांनी कोंबडीची नि बदकाची चरबी कांद्याबरोबर मंद आचेवर वितळवून बरणीत भरून ठेवली. तिला श्माल्ट्झ म्हणतात. उरलेली कातडी त्या चरबीतच कुरकुरीत तळली जाते, तिला ग्रिबेनेस. कोकणात आमच्या बायकांसमोरही हाच नियम होता. त्यांनी हात वर केला आणि नारळ उतरवला. आमच्या मटणाच्या रश्श्यात दही कधी पडलं नाही, तुपाची फोडणी कधी बसली नाही. नारळाचं दूध पडलं, कारण ते दूध नव्हे. रोश हशानाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, आम्ही गव्हाच्या चिकाचा हलवा करतो तोही नारळाच्या दुधात, म्हणजे मटणाच्या जेवणानंतर बिनघोर खाता येतो. घाणे आमचेच, त्यामुळे तेलाची कधी ददात नव्हती. एकाच ओळीने एका ठिकाणी कोंबडीची चरबी दिली आणि दुसऱ्या ठिकाणी नारळ. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, पण त्या दिवशी मात्झा बॉलचा घास घेताना जिभेला पहिल्यांदा समजलं.

चॉप्ड लिव्हर त्या चरबीचा खरा दाखला. कलेजी भाजून, उकडलेली अंडी आणि चरबीत तांबूस केलेला कांदा घालून वाटायची. थंड वाढतात, पावावर लावून खायची. दिसायला काही नाही, करड्या रंगाचा ढीग. चव मात्र खोल आहे, कांद्याचा गोडवा आधी आणि कलेजीचा तुरटपणा मागून. आमच्याकडे कलेजी हिरव्या मसाल्यात गरमागरम होते, त्यामुळे थंड कलेजीला माझा हात आधी थबकला. तिसऱ्या घासाला मी पावाचा आणखी एक तुकडा मागितला.

आता पास्ट्रामी, म्हणजे मुरवून धुरी दिलेलं गोमांस. इथे मला घरचं एक सांगायला हवं.

आमच्या घरात गाईबैलाचं मांस कधी शिजलं नाही. तोरात त्याला मनाई नाही, बैल तर शुद्ध जनावर. पण आमची आजी म्हणायची, शेजारी ज्याला हात जोडतो ते आपल्या पातेल्यात नको. कोकणात शेकडो वर्षं आमची माणसं अशीच राहिली, मटण, कोंबडी आणि मासे यांवर. खवले आणि पंख असलेले मासे तेवढे घ्यायचे. डेव्हिड रहाबी नावाचा बाहेरचा ज्यू आमच्याकडे आला तेव्हा त्याने आमच्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले, त्यावरून त्याने आम्हाला ओळखलं, असं आमच्यात सांगतात. ताटात काय घ्यायचं आणि काय नाही, यावरूनच आमची ओळख पटली. म्हणून मी पास्ट्रामी मागवायच्या आधी बराच वेळ मेन्यू हातात धरून बसले. लेक काही बोलली नाही. शेवटी मी तिला म्हटलं, “आजीची मनाई वाड्याची होती, देवाची नव्हती. वाडा इथे नाही.” तिने सँडविच मागवलं. मी हे कुणाला पटवायला लिहीत नाही. ज्याला नको असेल त्याच्यासाठी इथे टर्की आहे, भाजलेली कोंबडी आहे, मासे आहेत, आणि सूप तर आहेच.

पास्ट्रामी हा शब्द रुमानियातून आला, तिथे तुर्कांकडून. रुमानियातले ज्यू हंसाचं मांस असं मुरवत. न्यूयॉर्कमध्ये आल्यावर गोमांस स्वस्त मिळालं, त्यातही पोटाकडचा चरबीदार भाग, तेव्हा त्यांनी रीत तीच ठेवून मांस बदललं. आधी मिठाच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवायचं, मग बाहेरून मसाला थापायचा, मग धुरी द्यायची, आणि शेवटी वाफेवर मऊ करायचं. कॉर्न्ड बीफ म्हणून दुसरा प्रकार असतो त्याला धुरी नसते, तो नुसता खारवून शिजवलेला. तोही चांगला, पण माझ्या मते पास्ट्रामीपुढे तो मुका वाटतो.

सँडविच आलं ते बघून नातवाने दोन्ही हात डोक्याला लावले. मधे मांसाचा एवढा थर की पाव वर तरंगतोय असं वाटावं. त्याला म्हटलं, थांब, आधी वास घे. कडेची काळी पट्टी मी सुरीने वेगळी केली आणि तोंडात टाकली. धणे. भरडलेले धणे आणि जाडसर मिरी, मागून लसूण. मी डोळे मिटून परत एक तुकडा खाल्ला. धणेच. माझ्या मसाल्याच्या डब्यातली मधली वाटी. पावात शहाजिऱ्यासारखे दाणे होते, राय नावाच्या धान्याचा पाव, जरा आंबूस. वर लावायला मोहरीची चटणी. धणे, मिरी, मोहरी, लसूण, शहाजिरं, शेपू. हळद आणि मिरची सोडली तर माझा डबा या लोकांनी कधी बघितलाही नसताना त्यातलं निम्मं त्यांच्या ताटलीत होतं. लेकीला म्हटलं तर ती म्हणाली, “आई, तू सँडविचमध्ये मसाले शोधतेस की नातेवाईक?” दोन्ही शोधत होते.

मांस स्वतः इतकं मऊ की चावावं लागत नाही. चरबी वितळून धाग्याधाग्यांत गेलेली. मीठ आहे, पण पाव आणि मोहरी ते ओढून घेतात. चीज इथे मागूनही मिळणार नाही, आणि एक घास खाल्ल्यावर कळतं की त्याची जागाच नाही. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ एकटे जेवत होते. नातू केचप शोधतोय हे बघून ते वाकून त्याला म्हणाले, “बाळा, मोहरी. पास्ट्रामीला फक्त मोहरी.” मग मला विचारलं, कुठून आलात. मी मुंबईकडून म्हटलं. ते म्हणाले, आवडलं का तुम्हाला आमचं जेवण? मी म्हटलं, आमचंही आहे. त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मग मी शेमाची, म्हणजे ज्यूंच्या रोजच्या हिब्रू प्रार्थनेची, पहिली ओळ म्हटली. हातातला काटा खाली ठेवून त्यांनी ती पुढे पुरी केली. त्यांचे उच्चार वेगळे, माझे वेगळे, शब्द सगळे तेच.

पुढची पंधरा मिनिटं आम्ही दोघं जेवणाबद्दलच बोललो. पेसाखला तुम्ही भात खाता? हो, खातो. त्यांना ते ऐकून धक्का बसला, त्यांच्याकडे सणाच्या आठ दिवसांत तांदूळ वर्ज्य. शब्बाथला वाइन? आमच्याकडे कोशर वाइन कुठली, आम्ही मनुका भिजवून त्याचं सरबत करतो आणि त्यावर किद्दुश, म्हणजे शब्बाथचा आशीर्वाद, म्हणतो. हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी रुमालावर लिहून घेतलं. मलिद्याचं सांगितलं, पोहे, गूळ, खोबरं, फळं, एलियाहू हन्नावीच्या, म्हणजे संदेष्ट्या एलियाहूच्या नावाने. ते म्हणाले, एलियाहूची खुर्ची आमच्याकडेही असते, पण त्याला खायला घालायचं आम्हाला नाही सुचलं.

त्यांनीच आग्रह करून शोलेंट मागवायला लावलं, लहान वाटी. घेवड्याचे दाणे, सातू, बटाटा आणि मांस रात्रभर मंद आचेवर. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत विस्तव लावून ठेवायचा, शनिवारी दुपारी उघडायचं. शनिवारी चूल पेटवायची नाही, त्यावरचा हा त्यांचा तोडगा. आमची आजी शुक्रवारीच सगळं रांधून राखेच्या उबेत ठेवायची. चवीने सांगायचं तर शोलेंट मला जड गेलं, एवढं झाल्यावर कुणालाही जाईल. पावसात, भुकेल्या पोटी, फक्त एवढंच खावं.

काशा वार्निश्केस नावाचं एक असतं, म्हणजे कुट्टूचे दाणे, फुलपाखराच्या आकाराचा पास्ता आणि तपकिरी कांदा. उपासाचं धान्य चरबीत परतलेलं बघून लेकीला हसू आलं. कांदा मला आवडला. कुट्टूची माती माती चव माझ्या जिभेला नवीन, तिला वेळ द्यावा लागेल.

पिण्याला डॉक्टर ब्राउनचा सेलरी सोडा घ्या. सेलरीच्या बियांचा अर्क घातलेला सोडा, हिरव्या डब्यात. लोक नाक मुरडतात असं ऐकलं होतं. मला पहिल्या घोटाला ओवा आठवला. जड जेवणानंतर आपण ओवा खातो आणि हे लोक त्याच्या जवळची चव जेवतानाच पितात. पास्ट्रामीची चरबी जिभेवरून धुऊन काढायचं काम तो चोख करतो. नातवाने काळ्या चेरीचा घेतला.

चहा मागवला तर दूध येणार नाही. इथे बऱ्याच जणांची चुळबुळ होते, पण मला घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे मटण झालं की चहा कोराच. पाहुणे आले तर आई हळूच सांगायची, “आज मटण होतं हं,” आणि लिंबाची फोड पुढे करायची. इथेही लिंबाची फोड आली.

शेवटी बिलाबरोबर छोट्या छोट्या ग्लासांत चॉकलेटचा सोडा आला, दोन घोटांचा. त्यातही दूध नाही. नातवाने स्वतःचा प्यायला आणि माझ्याकडे बघितलं, मी माझाही दिला.

बिलाचं स्पष्ट सांगते. तिघांचं टीपसकट शंभर डॉलरच्या वर गेलं. रुपयांत हिशेब करायचा नाही असं लेकीने बजावलं होतं, मी केला. रोज जायची ही जागा नव्हे. पण एक पास्ट्रामी सँडविच दोघांना पुरून उरतं, सूप एकेकाने वेगळं घ्यावं, आणि काकड्या फुकट आहेत. दोघांनी मिळून एक सँडविच आणि दोन सुपं घेतली तर पोट भरून खर्च बेताचा होतो. शाकाहारी माणसाला बटाट्याचे लाटके, नूडल्सचं कुगेल असे पदार्थ दिसतील, पण ते चरबीत केले आहेत का हे विचारून घ्या. आणि कोशर कडक पाळणाऱ्यांनी शनिवारची गोष्ट आधी मनाशी मिटवून मगच जावं. सेवेबद्दल सांगायचं तर, आमच्या टेबलाची बाई घाईत होती तरी नातवाच्या प्रत्येक प्रश्नाला तिने थांबून उत्तर दिलं आणि निघताना त्याच्या हातात एक काकडी कागदात गुंडाळून दिली.

जेवण झाल्यावर आम्ही जुन्या जागीही गेलो, सेकंड अ‍ॅव्हेन्यू आणि दहावा रस्ता. तिथे आता बँक आहे. फुटपाथवरचे तारे झिजलेले, काही नावं नीट वाचता येत नाहीत, लोक त्यांच्यावरून फोनवर बोलत चालत होते. मी बाजूने चालले. समोरच्या चर्चपुढे लहानसा त्रिकोणी बाग आहे, त्याला एब लेबेव्होलचं नाव दिलंय. बाकावर थोडा वेळ बसलो. नातवाने विचारलं, ज्याने गोळी मारली त्याला का नाही पकडलं? मी म्हटलं, शोधलं पण सापडला नाही. मग तो बराच वेळ तारे मोजत राहिला.

अर्धं सँडविच बांधून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी लेक ते मायक्रोवेव्हमध्ये घालणार होती, मी तिचा हात धरला. वाफेवर मऊ झालेलं मांस वाफेवरच गरम करायला हवं. तिच्याकडे इडलीपात्र होतं. साच्यांत पास्ट्रामीच्या चकत्या अंथरल्या, खाली पाणी, वर झाकण, सात मिनिटं. पाव कडक झाला होता म्हणून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. मोहरीची पुडी उरली होती ती नातवाला दिली, मी माझ्या भाकरीवर मिठातली कैरी घेतली. ती मी ठाण्याहून आणली होती.